पडवीतला कॅमेरा हो म्हणायचा

पोर्ट उघडा आहे की बंद, हे सांगणाऱ्या साइट्स असतात. आपला पत्ता तिथे आधीच भरलेला असतो. खाली पोर्टचा आकडा टाकायचा आणि बटण दाबायचं. एक चाक फिरत राहतं आणि मग लाल अक्षरांत उत्तर येतं: बंद. त्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर, भातकापणीच्या उकाड्यात, मी ते उत्तर इतक्यांदा पाहिलं की चाक थांबायच्या आधीच मला लाल दिसायला लागलं होतं.

सर्व्हर माझ्या खोलीत होता. सर्व्हर म्हणजे कॉलेजात असताना घेतलेला लॅपटॉप, टेबलफॅनसमोर उघडा करून ठेवलेला. त्यावर ठोकळ्यांनी जग बांधायचा एक खेळ चालायचा. आम्ही सहा-सात जण मिळून ते जग बांधत होतो. त्यातल्या कोणालाही मी भेटलेली नव्हते, आणि त्यांच्यापैकी कोणी माझा आवाज ऐकलेला नव्हता. बाकीचे बोलायचे, मी टाइप करायचे. ज्याच्या मशीनवर ते जग होतं तो नोकरीसाठी परदेशी निघाला, तेव्हा सगळं बंद पडायची वेळ आली. मी लिहिलं, "माझ्याकडे ठेवूया." मी आपणहून काही देऊ केल्याची ती पहिलीच वेळ असावी. लिहिल्यावर माझे कान गरम झाले होते.

खेळ माझ्या लॅपटॉपवर चालत होता, घरातल्या वायफायवरून आईच्या मोबाइलवरसुद्धा सापडत होता. फक्त बाहेरून कोणाला आत येता येत नव्हतं. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राऊटर एकेक आतला पत्ता वाटतो. बाहेरून येणारा राऊटरपाशी येऊन थांबतो, आणि त्याला आत कोणाकडे पाठवायचं हे राऊटरला आधी सांगून ठेवावं लागतं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मी सांगून ठेवलं होतं: या आकड्याने कोणी आलं तर लॅपटॉपकडे पाठव. लॅपटॉपची फायरवॉल तपासली, आकडा तपासला, राऊटर बंद करून चालू केला. तरी लाल.

शेवटी मित्रांपैकी एकाने मला राऊटरच्या पानावरचा पत्ता वाचायला सांगितला. तो आणि साइटवर दिसणारा पत्ता वेगळे होते. त्याने लिहिलं की केबलवाल्याने एकाच पत्त्यामागे कितीतरी घरं बसवली आहेत. बाहेरून तुझ्या घरापर्यंत कोणी पोचूच शकत नाही. तो हे अडचण म्हणून सांगत होता. मलाही तेव्हा ती अडचणच वाटली.

आमच्या घरापुरता वेगळा पत्ता मागायला केबलवाल्याला फोन करणं मी बरेच दिवस टाळलं. मग एका सकाळी आई विहिरीवर असताना केला.

"मला पब्लिक आयपी हवा आहे."

"काय होया?"

"पब्लिक आयपी. पोर्ट फॉरवर्डिंगसाठी."

"खंयच्या घराकडसून बोलतास?"

मी सांगितलं.

"बोटीर असतत तेंचा चेडू मां तू? इंग्लिश मिडियमचा? मगे इतक्या हळू कित्याक बोलतंस गो? माका वाटला कोण आजारी आसा. येतंय फाल्यां."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आला तो पुढच्या आठवड्यात, मोटारसायकलला शिडी बांधून, खांद्यावर काळ्या केबलचं वेटोळं घेऊन. कसालला कोणाची तरी लाइन तुटली होती, असं त्याने आल्या आल्या सांगितलं. पडवीत बसून त्याने स्वतःचा लॅपटॉप मांडीवर घेतला. आईने त्याला चहा दिला. चहा पिताना त्याची नजर वर गेली.

"ह्यो कॅमेरो माझ्याकडे बघता की काय?"

"हे बघतत," आई म्हणाली. ती बाबांबद्दल बोलत होती. "घरात कोण इलो, कोण गेलो, सगळा तेंका दिसता."

"नमस्कार, साहेबांनू!" केबलवाल्याने कॅमेऱ्याला हात जोडले. कॅमेरा हलला नाही. बाबांना तेव्हा नेट नव्हतं.

आमचा नवीन पत्ता सुरू झाला, तरी साइट लालच राहिली. राऊटरला माझ्या नियमात काय खुपत होतं कोण जाणे. केबलवाल्याने थोडा वेळ इकडेतिकडे केलं, मध्ये त्याला फोन येत राहिले, आणि मग तो वैतागला. "ह्या एकेका पोर्टाची कटकटच नको. सगळाच उघडा करून ठेवतंय." राऊटरच्या एका पानावर त्याने लॅपटॉपचा आतला पत्ता टाकला आणि सेव्ह केलं. आता बाहेरून कोणीही, कुठल्याही आकड्याने आलं, तरी राऊटर त्याला काही न विचारता सरळ त्या पत्त्यावर नेऊन सोडणार होता.

"सगळंच उघडं?" मी विचारलं. "ते बरोबर आहे का?"

"चोर येतलो? हंय? आणि काय नेतलो गो, तुझे ठोकळे?"

आई हसली. मीही हसले. मला काही म्हणायचं असतं तेव्हा मी बहुतेक वेळा हसते.

साइटवर हिरवी अक्षरं आली. त्याच दिवशी चारच्या सुमाराला ते सगळे आत आले. एकेकाचं नाव पिवळ्या ओळीत उमटत गेलं. कोणीतरी मी बांधलेल्या घराभोवती मशाली लावल्या. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि आवाज न करता हसत बसले.

बाबांच्या कॅमेऱ्याबद्दल आता सांगायला हवं. बाबा जहाजावर इंजिनात काम करतात, आठ-नऊ महिने बाहेर असतात. काही वर्षांपूर्वीच्या एका सुट्टीत त्यांनी तो पडवीच्या खांबावर बसवला. पांढरा, अंड्याएवढा, मोटरवर फिरणारा. आमचं घर रस्त्यापासून आत आहे, मधे माडांची बागायत, आणि घरात आम्ही दोघी. बाबांना फोनवरून तो फिरवता यायचा आणि त्यातून बोलताही यायचं. पण जहाजावरून आवाज तुटक आणि उशिरा पोचायचा. आई तीन वाक्यं पुढे गेलेली असताना पहिल्याचं उत्तर यायचं, आणि मग दोघं एकमेकांवर चिडायची. म्हणून त्यांनी बोलणं सोडून दिलं. आई बोलायची आणि बाबा कॅमेऱ्याची मान हलवायचे. वर-खाली म्हणजे हो, डावी-उजवीकडे म्हणजे नाही.

"अवो, बघलात? सरंगो गावलो. तुमका थंय बोटीर कसले मिळतत!" असं म्हणून आई मासा शेपटीला धरून कॅमेऱ्यासमोर धरायची. कॅमेरा मान हलवायचा. घरापुढच्या खळ्यात सुपारी वाळत घालू का, माडावर माणूस चढवू का, तिच्या भाचीच्या लग्नाला जाऊ का, सगळं ती खांबाकडे बघून विचारायची. शेजारची बाई पहिल्यांदा हे बघून घाबरली होती, नंतर तीही जाता-येता खांबाला "बरे आसात मां?" विचारायला लागली.

बाबांचं पहिलं उत्तर नेहमी नाही असायचं. कशालाही. मी पुण्याला शिकायला जाऊ का, नाही. वरची खोली पर्यटकांना देऊ का, नाही. घरात परका माणूस नको. आईला हे पाठ होतं. ती एकच गोष्ट तीन दिवस तीन तऱ्हांनी विचारायची आणि तिसऱ्या दिवशी कॅमेरा कंटाळून वर-खाली व्हायचा.

पण बाबांना जहाजावर नेट मोजकंच मिळायचं. दोन बंदरांच्या मधे कॅमेरा आठवडेच्या आठवडे एकाच जागी बघत राहायचा, बेड्याकडे, म्हणजे आवाराच्या फाटकाकडे.

आणि त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत होता. गणपतीत ज्यांना गावी यायला जमत नाही त्यांच्यासाठी आम्ही कॅमेरा आत नेऊन मूर्तीवरच्या माटवीसमोर बसवायचो. मुंबईचे काका, बडोद्याची आत्या, सगळी मंडळी फोनवरून आरती बघायची. त्यासाठी पासवर्ड घराण्याच्या ग्रुपवर टाकलेला असायचा: गणपती, आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून.

दिवाळीच्या आधी एकदा वारा सुटला आणि एक माड तारांवर आडवा झाला. लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर इन्व्हर्टरही संपला होता. लाइट आल्यावर फ्रिज घरघरला, पंखे फिरायला लागले, राऊटरचे दिवे लागले, खांबावरच्या कॅमेऱ्याने सुरू होताना घेतो तशी एक पूर्ण गिरकी घेतली. मी लॅपटॉप उशिरा लावला. साइट बघितली. लाल.

पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी सर्व्हर नव्याने टाकला, फायरवॉल बंद करून बघितली. राऊटरचं ते पान उघडलं; सगळं उघडं ठेवायची खूण तिथे तशीच होती, पत्ताही केबलवाल्याने टाकलेलाच होता. मित्र ग्रुपवर प्रश्नचिन्हं टाकत होते. मी पुन्हा केबलवाल्याला फोन केला.

"माझ्याकडसून सगळा उघडा आसा," तो म्हणाला. "तुझ्याच डब्यात काय तरी झाला आसतला."

तो खरं सांगत होता. सगळं उघडंच होतं.

त्याच दिवसांत कॅमेरा हलायला लागला. आधी आईच्या लक्षात आलं. ती तुळशीला पाणी घालत होती आणि वरून मोटरचा बारीक आवाज आला. कॅमेरा बेडं सोडून तिच्याकडे वळला.

"इलात काय?" ती हसून म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी."

कॅमेरा थोडा वेळ तसाच राहिला. मग मान खाली, वर.

मी खिडकीतून बघत होते. मला बरं वाटलं, तिच्यासाठी. दुसऱ्या दिवशीही तो हलला, तिसऱ्या दिवशीही. सकाळी, दुपारी, आई भांडी घासायला मागे गेली की ती परत येईपर्यंत दाराकडे बघत.

"हे आता बरोच वेळ बघतत गो," आई म्हणाली. "बोटीर नवीन नेट बसवल्यानी आसतला." तिने ठेवणीतला गाऊन बाहेर काढला होता. पडवीत यायच्या आधी ती केसांवरून हात फिरवायची.

बाबा बोलायला बघतात तेव्हा कॅमेऱ्यातून आधी टिक असा आवाज येतो. तो आवाजही येऊ लागला. टिक, आणि पुढे काही नाही. आई थांबायची, कान द्यायची. "आवाज येणा नाय तुमचो," म्हणायची. मग पुन्हा टिक. बंद.

मला पडवीत जावंसं वाटेना. मी केस धुऊन खळ्यात सुकवायला बसते. ते मागच्या बाजूला बसून सुकवायला लागले. मी पडवी ओलांडून विहिरीकडे निघाले की कॅमेरा माझ्याबरोबर वळायचा, आणि मी दिसेनाशी झाल्यावरही तिथेच बघत थांबायचा. बाबा असे कधी बघत नसत. ते घर बघायचे: बेडं लावलंय का, कौलावर माकडं आली का. मला बाबांच्या बघण्याची अडचण वाटते, याचीच मला लाज वाटली. हे आईला कुठल्या शब्दांत सांगायचं ते कळेना, म्हणून सांगितलं नाही. फक्त घराण्याच्या ग्रुपवर लिहिलं, कोणी आमचा कॅमेरा बघतंय का. एका काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आत्याने लिहिलं, "आमका वेळ खंय गो? गणपतीनंतर कोणी उघडूक नाय. तुझो बापूसच बघीत आसतलो, बायलेची आठवण इली आसतली." त्याखाली सगळ्यांनी हसण्याची चित्रं टाकली.

मग तो माणूस आला. समुद्राकडच्या एका होमस्टेत उतरला होता, लॅपटॉपवर काम करायचा, त्याला दोन महिन्यांसाठी शांत खोली हवी होती. होमस्टेच्या बाईने त्याला आमच्याकडे पाठवलं. मी आतूनच बघितलं: पाठीला सॅक, पायात फ्लोटर्स, शहरी आवाज. आई त्याला पडवीच्या पायरीवर उभं करून खांबाकडे वळली.

"अवो, वयली खोली देऊ काय? दोन म्हयन्यांसाठी मागतत. एकटोच आसा, बरो दिसता."

मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. मोटर घरघरली. वर, खाली. लगेच, पहिल्याच वेळी.

"व्हय म्हणाले गो!" आईने मला हाक मारली. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. तो माणूसही कॅमेऱ्याकडे बघून हसला. "साहेब हो म्हणाले?" त्याने विचारलं. "म्हणाले," आई म्हणाली. उद्या संध्याकाळी सामान घेऊन येतो, असं सांगून तो गेला.

मी खोलीत जाऊन बसले. जी गोष्ट बाबा वर्षानुवर्षं नाकारत आले ती त्यांनी एका दमात मान्य केली होती. मग मी आठवत गेले. लाइट जाऊन आल्यापासून कॅमेरा एकदाही नाही म्हणाला नव्हता. मासा, सुपारी, भाचीचं लग्न, खोली. आई बोलायची थांबली की हो. तिला काय विचारायचंय ते न कळताही हो म्हणता येतं.

बाबांना फोन लागत नव्हता. शेवटचा मेसेज गेल्या महिन्यातला होता, तोही एकच बरोबरची खूण घेऊन पडलेला.

मी राऊटर उघडला. घरातली कोणती उपकरणं कोणत्या पत्त्यावर आहेत ते तिथे दिसतं. लॅपटॉपचा आतला पत्ता बदलू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, म्हणून इतके दिवस तिकडे बघितलंच नव्हतं. केबलवाल्याने सगळं उघडं केलेला पत्ता आता लॅपटॉपचा नव्हता. लाइट आली तेव्हा जो आधी जागा झाला त्याला राऊटरने आधीचा रिकामा पत्ता देऊन टाकला होता. लॅपटॉप उशिरा उठला, त्याला पुढचा मिळाला. ज्या पत्त्यावर बाहेरच्या कोणालाही काही न विचारता आणून सोडलं जात होतं, तिथे खांबावरचा कॅमेरा होता. आणि त्याच्या दाराला गणपती एक-दोन-तीन.

आईला मी सकाळी सांगितलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात, कारण कॅमेऱ्याला कानही आहेत.

"खुळी काय तू?" ती म्हणाली. "मी इतकी वर्सां संसार केलंय. माझो घो माका कळणा नाय?"

"तो नाही म्हणतच नाही, आई."

"मगे? माणूस कधी तरी बदलता."

"बाबा?"

मग तिला राग आला. माझ्यापुरता तो संगणकाचा बिघाड होता, तिचं मात्र त्यातून दुसरंच काही जाणार होतं. ती तव्यावरची भाकरी उलटत राहिली. ती करपली तेव्हा तिने गॅस बंद केला. "चल," म्हणाली. "विचार तूच. माका कळात असा विचार."

मी त्या कॅमेऱ्याशी कधीच बोलले नव्हते. आई माझ्या मागे दारात उभी राहिली. ऊन खळ्यात पांढरं पडलं होतं. मी पडवीत गेले तसा तो माझ्याकडे वळला आणि थांबला. त्याच्या काचेत मला एक लहानसा उजेड दिसत होता, तो बहुधा खळ्याचाच.

आमच्या घरात एक शब्द कोणी उच्चारत नाही. सूर्य आमच्याकडे मावळतो. चहात बिस्किट पडलं तर ते गेलं. जहाजावर माणूस असलेल्या घरात तो शब्द कशालाच लावायचा नाही, हे मला बोलायला लागल्यापासून माहीत आहे, आणि बाबांना माझ्याहून जास्त.

"बाबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नीट आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं. "बाबा, बोट बुडाली का?"

"गो!" आई मागून ओरडली.

मोटर घरघरली. खाली, वर. आणि मी बघितलं नसेल म्हणून की काय, पुन्हा एकदा, सावकाश. खाली. वर.

आई पुढे आली. तिने माझा दंड धरला होता, दुखेपर्यंत. खांबाकडे बघून तिने विचारलं, "तुमी कोण?"

आता कॅमेरा हलला नाही. तो आमच्याकडे बघत राहिला. मग टिक असा आवाज आला. माइक उघडला होता. कोणी बोललं नाही, पण आवाज होता. आम्ही दोघींनी तो ऐकला. तिकडे, जिथे कुठे ते होतं तिथे, पाऊस पडत होता. पत्र्यावर पडतो तसा. आणि त्या पावसाच्या अलीकडे कोणीतरी खुर्चीत हलल्यासारखं झालं.

मी आत पळाले आणि राऊटरची पिन ओढून काढली.

बाहेर आले तेव्हा आई पायरीवर बसली होती. "काय काय सांगलंय गो मी तेका," ती म्हणाली. नंतर ती एकेक आठवत गेली: चावी कुठे ठेवते. भाचीच्या लग्नाला कोणत्या दिवशी आम्ही दोघी जाणार आणि घर बंद असेल. माझ्यासाठी आलेलं स्थळ. मग काही गोष्टी तिने मला सांगितल्या नाहीत, फक्त तळहात तोंडावर धरला. तिने स्वतःहून उठून स्टूल आणलं आणि कोयत्याच्या टोकाने कॅमेरा खांबावरून सोडवला. वायर लोंबत राहिली. तो तिने जुन्या परकरात गुंडाळला, काच आतल्या बाजूला करून, आणि पत्र्याच्या ट्रंकेत टाकला.

संध्याकाळी तो माणूस सामान घेऊन आला. आईने बेडं काढलं नाही.

"खोली नाय देवची आमका."

"पण काल साहेब हो म्हणाले ना?"

"नाय म्हणाले."

तो जरा उभा राहिला. त्याची नजर आईच्या खांद्यावरून पडवीकडे गेली. "कॅमेरा काढलात?" त्याने विचारलं.

तो गेल्यावर आईने मला विचारलं, "तेका कसा कळला?"

"काल इथेच तर उभा होता, आई. त्याच्यासमोर तू विचारलंस."

"व्हय," ती म्हणाली. "होतो उभो." पण ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली, आणि मीही. होमस्टेच्या बाईकडून नंतर कळलं की तो गोव्याकडे गेला. चांगला होता म्हणे, सगळ्यांशी हसून बोलायचा.

मी राऊटरमधलं सगळं उघडं काढून टाकलं. केबलवाल्याला फोन करून जुना, सगळ्यांमागे दडलेला पत्ता परत मागितला. "लोकां उघडूक सांगतत, तू बंद करूक सांगतंस," तो म्हणाला. ते जग मी मित्रांना पाठवून दिलं. आता ते दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर आहे. मी कधी कधी जाते. कॅमेऱ्यात बाहेरून कोण आलं होतं ते मी शोधलं. नुसते आकडे सापडले, आणि आकड्यांवरून एक देश, आणि मग दुसराच देश. मी शोधायचं सोडलं. आईला ते सांगितलं नाही, कारण तिला माणूस हवा होता, म्हणजे त्याचं तोंड कसं होतं ते तरी.

पुढच्या महिन्यात बाबांचं जहाज बंदराला लागलं आणि त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आईने मोबाइल हातभर लांब धरला. बाबांचा चेहरा अर्धवट उमटला.

"कॅमेरो बंद आसा मां? घर दिसणा नाय माका."

"तुमी माका बघूक इल्लात," आई म्हणाली, "तेवा आमच्याकडे काय खाल्लात?"

"ह्या काय मधीच?"

"सांगा."

चित्र अडकलं. बाबांचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. पूर्वीही असं अडकायचं आणि आम्ही तेवढ्यात आपापली कामं करायचो. आता आई फोनकडे बघत होती आणि मी तिच्या हाताकडे.

"काय खातलंय!" आवाज आला. "तुझ्या भावान माझ्या पँटीर चाय सांडल्यान. तसोच उठलंय."

आईने श्वास सोडला. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असतील तर ते पोचलं नाही. कॅमेरा पुन्हा लावा असं मात्र ते नंतर म्हणाले नाहीत.

तेव्हापासून त्यांचा फोन आला की आई आधी एक प्रश्न विचारते. कधी लग्नातला, कधी मी लहान असतानाचा, कधी असं काही की जे मी ऐकू नये म्हणून ती उठून मागच्या दारी जाते. सुरुवातीला बाबा हसायचे. आता हसत नाहीत, उत्तर देतात.

परवा त्यांना उत्तर आलं नाही. आमच्या पहिल्या गाईचा रंग कुठला, एवढंच आईने विचारलं होतं. चित्र नव्हतं, नुसता आवाज होता, तुटक.

"इसारलंय गो," तिकडून आलं. "इतकी वर्सां झाली."

आईने फोन कट केला आणि ताटाशेजारी पालथा ठेवला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला. वाजायचा थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो.